१९ फेब्रुवारीच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

आधी प्रश्न. शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिणाऱ्या एका शिक्षकांनी १९ फेब्रुवारीला ‘१६३०: छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म’ असं लिहिलं. एका पालकांनी सांगितलं की खरी तारीख १ मार्च आहे. खात्री करायला शिक्षकांनी मोबाईलचं कॅलेंडर मागे नेलं, तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार निघाला. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार नोंदींत, मात्र वार शुक्रवार दिलाय. मग चूक कोणाची, आणि या तारखेला आणखी काय लिहिण्यासारखं आहे, असं त्यांनी विचारलंय.

चूक कोणाचीच नाही. फळा बरोबर, पालक बरोबर, शकावली तर बरोबरच. मोबाईलनेही गणित चुकवलेलं नाही, त्याने फक्त वेगळ्याच कॅलेंडरातल्या दिवसाचा वार काढून दिला. दिनविशेषाचे रकाने भरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, ३६५ तारखांमध्ये १९ फेब्रुवारीइतकी गमतीची तारीख शोधून सापडणार नाही. तारखांच्या बाबतीत जे जे घोटाळे होऊ शकतात, ते जवळजवळ सगळे या एका रकान्यात हजर आहेत.

जन्मनोंदीपासून सुरू करू. मूळ नोंदीत इंग्रजी तारीख नाहीच. तिथे आहे शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकतो, पण ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरं. १ जानेवारीला इसवी सन बदलतो आणि शक मात्र पाडव्यापर्यंत जुनाच राहतो, म्हणून १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवावे लागतात. १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. फाल्गुनातली घटना एक वर्ष मागे पडलेली मी कितीतरी पुस्तकांत पाहिली आहे, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरा खड्डा महिन्याच्या नावाचा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र वद्य म्हणून लिहिला जातो. उत्तरेकडचा कागद हाती आला आणि त्यात चैत्र दिसला, तर लगेच ‘मतभेद’ अशी पाटी लावायची गरज नसते.

आता या शुक्रवारला इंग्रजी तारीख कोणती द्यायची? १६३० मध्ये युरोपात दोन कॅलेंडरं एकाच वेळी चालू होती, जुनं ज्युलियन आणि नवं ग्रेगोरियन. ज्युलियन वर्ष सूर्यापेक्षा थोडं लांब असल्याने शतकानुशतकं तारीख ऋतूच्या मागे पडत गेली होती. ती फारकत मिटवायला पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा तारखा गाळल्या. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या बहुतेक राज्यांनी ते लगेच मानलं. इंग्लंडने पोपचं ऐकायला १७५२ साल उजाडलं. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. म्हणजे शिवकाळात गोव्यातला पोर्तुगीज लेखनिक आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज लेखनिक एकाच दिवशी बसून पत्र लिहीत असतील, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर असे. त्या फाल्गुन वद्य तृतीयेला इंग्रजांची तारीख १९ फेब्रुवारी होती आणि पोर्तुगीजांची १ मार्च. दिवस एकच, शुक्रवार.

आणखी एक गंमत म्हणजे इंग्लंडात तेव्हा सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे लंडनच्या जुन्या कागदात तो दिवस १९ फेब्रुवारी १६२९ असा दिसेल. जाणकार संपादक अशा वेळी १६२९/३० असं जोडीने छापतात.

मोबाईलचा मंगळवार यातूनच येतो. फोनमधलं कॅलेंडर नवी म्हणजे ग्रेगोरियन पद्धत थेट मागे चालवतं, ती तेव्हा कुठे लागू होती की नव्हती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यात १ मार्च १६३० काढून पाहा, शुक्रवार येईल. माझ्या कामातली सगळ्यात भरवशाची कसोटी हीच. तारखा गाळल्या गेल्या, वर्षारंभ बदलले, पण वारांची साखळी या सगळ्या फेरबदलांत तुटली नाही. मूळ कागदात वार दिला असेल तर आधी तो जुळवायचा. शकावलीतला शुक्रवार १९ फेब्रुवारीला जुन्या पद्धतीनेच जुळतो. तेव्हा ही तारीख ज्युलियन आहे हे सांगायला वेगळा साक्षीदार नको.

मग फळ्यावर १ मार्च का लिहू नये? लिहायला हरकत नाही, पण मग तोच नियम सगळीकडे लावा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्याच पद्धतीची आहे, नव्याने ती १६ जून होते. महानिर्वाणाची ३ एप्रिल १६८० ही १३ एप्रिल होते. जन्म एका कॅलेंडरात आणि राज्याभिषेक दुसऱ्यात, असं केलं तर वय मोजतानाही घोळ होतो. शिवकाळाच्या इंग्रजी तारखा जुन्या पद्धतीने देण्याची आपल्या इतिहासकारांची रीत रुळलेली आहे, आणि मला ती पटते. कंसात ‘जुनी पद्धत’ एवढं लिहिलं की पुरे.

तिथीने जयंती करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, आणि तेही चूक नाही. फाल्गुन वद्य तृतीया २०२२ मध्ये २१ मार्चला, २०२३ मध्ये १० मार्चला, २०२४ मध्ये २८ मार्चला आणि २०२५ मध्ये १७ मार्चला आली. साधारण मार्चभर ती फिरते. आपलं पंचांग ताऱ्यांच्या हिशेबाने चालतं आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं, म्हणून ७० ते ७२ वर्षांत तिथ्या ऋतूच्या तुलनेत एक दिवस पुढे सरकतात. शिवजन्मापासून आजवर ही सरक पाच दिवसांहून अधिक झाली आहे.

जन्मसालाचा वाद हा याहून वेगळा विषय, त्याची यात सरमिसळ करू नये. पूर्वी बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे एप्रिल १६२७ हे मानलं जाई. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये केसरीत या तिथीची चर्चा केली. त्यांच्याच हाती आलेली जेधे शकावली १९१६ मध्ये छापली गेली. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या काव्यात आणि जोधपूरला सापडलेल्या एका कुंडलीतही शके १५५१ च मिळाला. एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे एकाच तिथीकडे बोट दाखवत असतील, तर मी रकाना निर्धास्त भरतो. राज्य शासनाची १९ फेब्रुवारी ही त्याच तिथीची जुन्या पद्धतीची तारीख.

आता खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस. त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ चा, पोलंडमधल्या तोरुन्यचा. ही तारीखही अर्थातच जुन्या पद्धतीची, कारण नवी पद्धत यायला अजून शतक बाकी होतं. ती आज मोजली तर २८ फेब्रुवारी येते. फरक दहाचा नव्हे, नऊ दिवसांचा, कारण अंतर शतकागणिक वाढत जातं: पंधराव्या शतकात नऊ, सोळाव्या-सतराव्यात दहा, अठराव्यात अकरा, एकोणिसाव्यात बारा, विसाव्यात आणि चालू शतकात तेरा. १५८२ पूर्वीच्या तारखा बदलायच्या नाहीत, आहेत तशाच ठेवायच्या, हा सगळीकडचा शिरस्ता आहे. कॅलेंडर दुरुस्त करायचं तर आधी सूर्य-चंद्राच्या गती नीट मोजल्या पाहिजेत, हे कोपर्निकसने आपल्या १५४३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच्या गणितावर बेतलेली एरास्मुस राइनहोल्ड यांची १५५१ ची ग्रहगतींची कोष्टकं पुढे ग्रेगरीच्या सुधारकांच्या हाताशी होती.

या तारखेचं वर्षातलं स्थानही पाहून घ्या, फळ्यावर एक ओळ त्यासाठी हवीच. १९ फेब्रुवारी हा वर्षाचा ५० वा दिवस. लीप वर्षाचा जादा दिवस याच्या नंतर येतो, म्हणून हा क्रमांक कधी बदलत नाही. उरलेले दिवस मात्र ३१५ की ३१६ ते वर्षावर ठरतं. १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना तो जिथे असतो तिथून, मोजलेल्या ३३० अंशांवर येतो. पाश्चात्त्य राशींत तिथून मीन सुरू होते, चिनी पंचांगात ‘पर्जन्यजल’ नावाचा कालखंड सुरू होतो. आपल्या ताऱ्यांच्या राशीचक्रात सूर्य तेव्हा कुंभेतच असतो. भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर, जे २२ मार्च १९५७ ला लागू झालं आणि आपण आकाशवाणीवर ऐकून सोडून देतो, तेही हीच सीमा पाळतं. त्यात १९ फेब्रुवारी म्हणजे ३० माघ, महिन्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी १ फाल्गुन. पंचांगातल्या माघ-फाल्गुनाशी त्याची गल्लत करू नका, नावं तीच असली तरी मोजणी सूर्याची आहे.

रोमन माणूस तर या दिवसाला ‘१९’ म्हणतच नसे. तो महिना पुढून मागे मोजायचा आणि या दिवसाला मार्चच्या पहिल्या दिवसाआधीचा अकरावा म्हणायचा, दोन्ही टोकं धरून. १९७ साली रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने लुग्दुनुमला, म्हणजे आजच्या लिऑनला, प्रतिस्पर्धी क्लोडियस आल्बिनसचा पराभव केला. त्या लढाईचा दिवस जुन्या लॅटिन चरित्रात अशाच भाषेत नोंदवलाय. आपण त्याचं १९ फेब्रुवारी करून घेतलंय.

तारीख तीच असली तरी दिवस वर्षात त्याच जागी असतो असं नाही, याचं मला आवडणारं उदाहरण पेरूचं आहे. १९ फेब्रुवारी १६०० ला तिथल्या वाय्नापुतिना ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या लिखित इतिहासातला हा सगळ्यात मोठा उद्रेक. पेरू स्पेनच्या ताब्यात होता, म्हणून ही तारीख नवी. म्हणजे शिवजन्माच्या तीसच वर्षं आधीचा हा ‘१९ फेब्रुवारी’ सूर्याच्या हिशेबाने शिवजन्माच्या ‘१९ फेब्रुवारी’पेक्षा वर्षात दहा दिवस आधी येणारा. फळ्यावर दोघं खालीवर लिहिले जातात, पण त्या दोन दिवसांचा ऋतू एक नाही. आणि मॉस्कोच्या दप्तरात तोच उद्रेकाचा दिवस ९ फेब्रुवारी ७१०८ असा पडला असता, कारण तिथे जगाच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजत. याच रशियात झार बोरिस गोदुनोव्हच्या कारकिर्दीत १६०१ ते १६०३ असा भयंकर दुष्काळ पडला. ज्वालामुखीच्या धुराळ्याबरोबर वातावरणात गेलेल्या गंधकामुळे थंडी वाढली, पिकं गेली, असा संबंध अभ्यासक लावतात.

या तारखेची सगळ्यात विलक्षण गोष्ट तर अशी, की ती काही ठिकाणी काही वर्षी आलीच नाही. डेन्मार्क आणि नॉर्वेने नवी पद्धत १७०० मध्ये स्वीकारली, ज्योतिर्विद ओले रोमर यांच्या पुढाकाराने. तिथे १८ फेब्रुवारी, रविवारनंतर सोमवारी १ मार्च उजाडला. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनीही त्याच दिवशी उडी मारली. गाळलेल्या तारखांतली पहिलीच १९ फेब्रुवारी. स्वीडनने बराच गोंधळ घालून १७५३ मध्ये १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च आणला, तिथेही १९ गेली. ग्रीसने १९२३ मध्ये १५ फेब्रुवारीनंतर १ मार्च धरला, तिथेही गेली. फेब्रुवारीची शेपटी कापली की पुढचा महिना १ तारखेपासून सरळ सुरू होतो, ही सोय सगळ्यांनाच दिसली असणार. त्यामुळे कोणी ‘१९ फेब्रुवारी १७०० ला कोपनहेगनमध्ये जन्म’ अशी नोंद घेऊन आला, तर चहा विचारा, पण नोंद परत पाठवा.

रशियाची कथा निराळी. भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्यावर दुसऱ्या अलेक्झांडर झारने १९ फेब्रुवारी १८६१ ला सही केली. रशियन इतिहासात ही तारीख इतकी ठसलेली आहे की तिथे ‘१९ फेब्रुवारी’ म्हटलं की हाच दिवस. पण रशिया १९१८ पर्यंत जुन्याच पद्धतीवर होता, म्हणून बाकीच्या जगासाठी तो ३ मार्च १८६१. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ‘१९ फेब्रुवारी’ आणि ‘४ मार्च’ असं वाचलं तर दोन घटनांत दोन आठवडे वाटतात, प्रत्यक्षात आहे एक दिवस. ही नोंद मी ३ मार्चला घेतो आणि १९ फेब्रुवारीला फक्त उल्लेख करतो. शिवकाळाला वेगळा नियम आणि रशियाला वेगळा का, असं कोणी विचारेल. उत्तर असं की १८६१ पर्यंत जगाचा बराचसा व्यवहार नव्या पद्धतीवर आला होता, त्यामुळे शेजारच्या देशांतल्या घटनांशी ताळा लागला पाहिजे. सतराव्या शतकात असा एकच सर्वमान्य आधार नव्हता.

त्याच जाहीरनाम्यात दुसरा पेचही आहे. सही १९ फेब्रुवारीची, पण तो लोकांना वाचून दाखवला तो ५ मार्चला, जुन्याच पद्धतीच्या. मग ‘भूदासमुक्ती’ कोणत्या दिवसाची? मी नेहमी कृती लिहितो: ‘सही केली’, ‘जाहीर झाला’. नुसतं ‘भूदासमुक्ती’ लिहिलं की पुढच्या वर्षी कोणीतरी दुसरी तारीख घेऊन येतंच.

हाच नियम एडिसनच्या फोनोग्राफला. १९ फेब्रुवारी १८७८ हा त्याचं पेटंट मंजूर झाल्याचा दिवस. यंत्र १८७७ मध्येच बोलू लागलं होतं आणि अर्जही त्याच डिसेंबरात केलेला होता. तरी या तारखेला ‘फोनोग्राफचा शोध’ असं सर्रास छापलं जातं. क्रिमिया रशियाकडून युक्रेनकडे सोपवण्याचा सोव्हिएत हुकूम १९ फेब्रुवारी १९५४ चा, वर्तमानपत्रात आला २७ फेब्रुवारीला, आणि कायद्याने शिक्कामोर्तब झालं २६ एप्रिलला. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, क्रियापद तेवढं चुकवू नका.

राहिलं घड्याळ. सोव्हिएत संघाच्या मीर अंतराळ स्थानकाचा मुख्य भाग १९८६ मध्ये बैकोनूरहून सुटला तेव्हा ग्रिनिचला १९ फेब्रुवारीचे रात्रीचे ९ वाजून २८ मिनिटं झाली होती. मॉस्कोत मध्यरात्र उलटून २० तारीख लागली होती, भारतात पहाटेचे तीन वाजायला दोन मिनिटं कमी होती. म्हणून रशियन यादीत २० आणि इतरत्र १९ दिसते. ज्या जागी घटना घडली तिथली तारीख, हा माझा साधा नियम. पण अंतराळातल्या गोष्टींना आंतरराष्ट्रीय वेळ लावतात, म्हणून मी मीर १९ लाच ठेवतो.

१९ फेब्रुवारी १९४२ चं उदाहरण याहून बोचरं आहे. त्या सकाळी जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर हल्ला केला, किमान २३५ माणसं गेली. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये अजून १८ तारखेची संध्याकाळ चालू होती. तिथे १९ उजाडल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि त्यातून पुढे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. दोन्ही नोंदी एका तारखेच्या, पण एकाच वेळच्या नव्हेत. आणि हल्ल्यामुळे आदेश निघाला, असा अर्थ तर मुळीच काढू नका. त्या आदेशाची तयारी आधीपासून चालू होती. एका रकान्यात शेजारी आलेल्या दोन ओळींत वाचक आपोआप नातं शोधतो, म्हणून मी त्यांच्यामध्ये मुद्दाम दुसरी एखादी ओळ घालतो.

मृत्यूच्या नोंदी त्या मानाने सोप्या. गोपाळ कृष्ण गोखले, पुणे, १९१५: शंकेला जागा नाही. चीनचे नेते डेंग श्याओपिंग, १९९७: निधन १९ च्या रात्री, बातमी बाहेर आली मध्यरात्रीनंतर, त्यामुळे २० ची बातमी पाहून तारीख घेऊ नये. उंबेर्तो इको आणि हार्पर ली हे दोघे लेखक २०१६ मध्ये याच दिवशी गेले. योगायोग आहे, त्यापुढे त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

तुमच्या फळ्यावर जागा कमी असणार, म्हणून मी काय लिहीन ते सांगतो. वर: ‘१९ फेब्रुवारी, वर्षाचा ५० वा दिवस, राष्ट्रीय ३० माघ.’ त्याखाली: ‘१६३०: छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म, शिवनेरी. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार (जुनी पद्धत, नवीने १ मार्च).’ मग ‘१४७३: निकोलस कोपर्निकस यांचा जन्म (जुनी पद्धत)’, ‘१८७८: एडिसन यांना फोनोग्राफचं पेटंट’, ‘१९१५: गोपाळ कृष्ण गोखले यांचं निधन’. एखादी ओळ उरली तर ‘१७००: डेन्मार्कमध्ये हा दिवस आलाच नाही’ असं लिहा आणि का ते मुलांना शोधायला सांगा. पालकांना शुक्रवारचा ताळा दाखवा, मोबाईल त्यांच्याच हातात देऊन.